आलेख घसरला म्हणून सीन कापू नका: प्रेक्षकांच्या डेटावरून कथा स्थानिक करण्याची रीत

मालिका एका देशात चालते, दुसऱ्या देशात तिसऱ्या एपिसोडलाच प्रेक्षक गळतात. मग बैठक बसते. कोणीतरी आलेख पडद्यावर लावतं, रेघ जिथे घसरली आहे तिथे बोट ठेवतं आणि म्हणतं, "तिकडच्या लोकांना हे रुचत नाही." पंधरा मिनिटांत ठरतं की आजोबांच्या मृत्यूचा सीन निम्मा करायचा. हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की आलेख लागला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: ही रेघ कोणत्या भाषेच्या ट्रॅकची आहे? बहुतेकदा खोलीत शांतता पसरते.

प्रेक्षक कुठे थांबला आणि किती जण थांबले, एवढंच डेटावरून कळतं. तो का थांबला हे शोधायला वेगळं काम करावं लागतं, आणि ते ठरावीक क्रमाने केलं नाही तर चांगली कथा उगाच तासली जाते. पुढची रीत नेटफ्लिक्ससारख्या प्लॅटफॉर्मच्या कंटेंट टीमसाठी आहे, डबिंग सुपरवायझरसाठी आहे आणि हातात अहवाल कोंबून "आता स्थानिक करा", म्हणजे तिथल्या भाषेला आणि रीतीभातीला जुळवून घ्या, असं ज्यांना सांगितलं जातं त्या लेखकांसाठीही आहे.

## कामाला बसण्याआधी

टेबलावर तीन गोष्टी हव्यात.

पहिली, आवृत्त्यांचा तक्ता. एकाच मालिकेच्या किती आवृत्त्या लोकांपुढे आहेत? कोणत्या भाषांत आवाज आहे, कोणत्या भाषांत सबटायटल, त्यातली कोणती मूळ संवादांवरून केलेली आणि कोणती डबिंगवरून, कोणत्या देशात वेगळा कट, कोणतं पोस्टर कोणत्या तारखेपासून. हा तक्ता कंटाळवाणा असतो, म्हणून कोणी करत नाही. २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका आली तेव्हा इंग्रजीत दोन वेगवेगळी सबटायटल होती: एक मूळ कोरियन संवादांची, दुसरी कर्णबधिरांसाठीची, इंग्रजी डबिंगला जुळणारी. अनेकांनी आवाज कोरियन ठेवला आणि दुसरी सबटायटल लावली. मग भाषांतर चुकीचं असल्याची ओरड झाली. अशा वेळी हातात तक्ता नसेल तर तक्रार नेमकी कोणत्या ट्रॅकची आहे हेच कळत नाही.

दुसरी, त्या संस्कृतीत वाढलेली माणसं, किमान दोन आणि शक्यतो वेगळ्या पिढ्यांतली. एकच माणूस असला की तो नकळत सगळ्या समाजाचा प्रवक्ता होऊन बसतो आणि त्याच्या आवडीनिवडी 'संस्कृती' म्हणून वहीत उतरतात.

तिसरी, डेटा वापरण्याची परवानगी आणि मर्यादा. नुसतं नाव काढून टाकलं म्हणजे माहिती निनावी झाली असं समजू नका. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये शिफारशी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली आणि सुमारे ४,८०,००० ग्राहकांची दहा कोटी रेटिंग नावं काढून खुली केली. दोन संशोधकांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरच्या जाहीर रेटिंगशी ती जुळवून काही जणांची ओळख पटवून दाखवली. पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. माणूस काय पाहतो यावरून त्याचा धर्म, राजकारण, लैंगिक कल असं बरंच काही ताडता येतं. म्हणून स्थानिकीकरणाच्या कामाला गटाचे आकडे घ्या. एकेका प्रेक्षकाची नोंद मागू नका, कोणी देऊ केली तरी.

> तपासा: तक्त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहिलंय का? पोस्टर मधेच बदललं असेल तर आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र करता येणार नाही.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

"अमुक देशात मालिका का चालली नाही?" हा प्रश्न नव्हे, तक्रार आहे. प्रश्न असा असतो: "डब केलेली आवृत्ती सुरू करणारे प्रेक्षक सबटायटलवाल्यांपेक्षा दुसऱ्या एपिसोडमध्ये जास्त का गळतात?" त्यात कोण, कुठे आणि कोणाच्या तुलनेत हे तिन्ही आलं पाहिजे. ते येत नसेल तर डेटा उघडू नका. प्रश्नाशिवाय डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा फलक, उघडला की जो आलेख सगळ्यात रंगीत असतो तोच महत्त्वाचा वाटायला लागतो.

## २. 'पाहिलं' म्हणजे काय, ते ठरवा

आकड्यांचे निम्मे घोटाळे इथेच होतात. नेटफ्लिक्सचंच पाहा. आधी चित्रपटाचा किंवा एका एपिसोडचा ७० टक्के भाग पाहिला तर 'पाहिलं' धरत. मग दोन मिनिटं पाहिलं तरी धरायला लागले, आणि या नव्या मापाने आकडे सरासरी ३५ टक्क्यांनी जास्त येतात हे कंपनीनेच सांगितलं. २०२१ पासून पाहिलेले तास जाहीर होऊ लागले. जून २०२३ पासून तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून 'व्ह्यूज' काढतात.

हा भागाकार एकदा हाताने करून बघा. दहा तासांची मालिका आणि दोन तासांचा चित्रपट, दोन्ही दोन कोटी तास पाहिले गेले. मालिकेचे व्ह्यूज २० लाख, चित्रपटाचे एक कोटी. शिवाय मालिकेचे ते २० लाख म्हणजे २० लाख लोकांनी शेवटपर्यंत पाहिली की ४० लाखांनी अर्ध्यावर सोडली, हे या आकड्यात दिसत नाही. कथा स्थानिक करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून तीन मापं वेगळी ठेवा: सुरू करणारे, पहिला एपिसोड संपवून दुसऱ्यावर जाणारे आणि सीझन संपवणारे. पहिलं माप पोस्टर, नाव आणि वर्णनाबद्दल बोलतं. दुसरं भाषांतर, आवाज आणि सुरुवातीच्या ओळखीबद्दल. कथेबद्दल खरं काय ते तिसऱ्यात असतं, तेही पहिली दोन ठीक असतील तरच.

> सावधान: बाहेरून अभ्यास करणाऱ्यांनी देशनिहाय टॉप टेनवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. नेटफ्लिक्सच्या जाहीर साप्ताहिक याद्यांमध्ये तास आणि व्ह्यूज जागतिक पातळीवर दिलेले असतात. देशाच्या यादीत फक्त क्रमांक असतो. पहिला आणि तिसरा यांत किती अंतर आहे ते त्यावरून कळत नाही.

## ३. देशाऐवजी गट पाडा

देश म्हणजे संस्कृती नव्हे. एका देशात दहा भाषा असतात आणि एकच भाषा दहा देशांत. परदेशी राहणारा माणूस कामाच्या भाषेत ॲप ठेवतो आणि रात्री मायबोलीत पाहतो. एका प्रोफाइलवर आजी, नातू आणि पाहुणे तिघंही असतात. त्यामुळे गट पाडताना देश शेवटी घ्या. आधी आवाजाची भाषा, मग सबटायटलची भाषा, मग फोन की टीव्ही, मग त्याच प्रेक्षकाने आधी कोणत्या प्रकारच्या कथा पूर्ण पाहिल्या.

दोन गोष्टी इथे हमखास विसरल्या जातात.

एक, प्रेक्षकाने जे पाहिलं ते बरंचसं त्याला दाखवलेलं असतं. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटलंय की पाहिलेल्या तासांपैकी सुमारे ८० टक्के शिफारशींमधून येतात आणि माणूस साधारण ६० ते ९० सेकंद शोधून कंटाळतो. म्हणजे "या भागातल्या लोकांना गुन्हेगारी कथाच आवडतात" या वाक्याचा खरा अर्थ "आपण त्यांच्यापुढे गुन्हेगारी कथा मांडल्या" असाही असू शकतो. म्हणून कार्यक्रम किती जणांपुढे आला आणि त्यातल्या किती जणांनी लावला, हे प्रमाण मागून घ्या.

दोन, दुकानात काय ठेवलंय त्यावर खप अवलंबून असतो. युरोपीय संघात कायद्याने प्लॅटफॉर्मच्या कॅटलॉगचा, म्हणजे उपलब्ध कार्यक्रमांच्या यादीचा, किमान ३० टक्के भाग युरोपीय निर्मितीचा ठेवावा लागतो. तिथला स्थानिक कथांचा वाटा दुसऱ्या खंडाशी ताडून "युरोपीय प्रेक्षक जास्त स्वाभिमानी" वगैरे लिहिण्याआधी दोन्हीकडचे कॅटलॉग पाहा.

## ४. तांत्रिक बिघाड आधी वजा करा

हा टप्पा मी एकदा गाळला होता आणि त्याची लाज अजून वाटते. एका मालिकेच्या डब आवृत्तीत चौथ्या एपिसोडच्या मध्यावर प्रेक्षक धडाधड गळत होते. सीन होता सासू-सुनेच्या अबोल्याचा. आम्ही दोन आठवडे 'तिथल्या कुटुंबव्यवस्थेत अबोला कसा पाहिला जातो' यावर चर्चा केली, एक टिपण लिहिलं, त्याचं कौतुकही झालं. मग आवाज तपासणाऱ्या मुलीने हेडफोन काढला आणि म्हणाली, "इथे ओठ आधी हलतात, आवाज नंतर येतो." त्या सीनपासून पुढे ट्रॅक मागे सरकला होता. ट्रॅक दुरुस्त केला, रेघ सरळ झाली. टिपण अजून कुठल्यातरी फोल्डरमध्ये असेल.

म्हणून घसरणीच्या दहा मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत, नेमकी त्याच भाषेची आवृत्ती, स्वस्त फोनवर एकदा आणि टीव्हीवर एकदा पाहा. आवाजाची पातळी, ओठांशी मेळ, सबटायटल गायब होणं, पडद्यावरच्या पाटीचं किंवा चिठ्ठीचं भाषांतर राहून जाणं, अंधाऱ्या सीनमध्ये काहीच न दिसणं, सगळं टिपा.

> तपासा: तीच घसरण सगळ्या भाषांत आहे का? असेल तर दोष कथेचा किंवा संकलनाचा आहे, स्थानिक संस्कृतीचा नाही. एकाच भाषेत असेल तर संशय आधी ट्रॅकवर, मग भाषांतरावर आणि सगळ्यात शेवटी संस्कृतीवर.

## ५. रेघ वाचायला शिका

आलेखात चार आकार दिसतात. मी त्यांना उतार, कडा, खळगा आणि टेकडी म्हणतो.

उतार म्हणजे हळूहळू कमी होणारे प्रेक्षक. तो प्रत्येक कार्यक्रमात असतो. त्याच प्रकारच्या इतर कार्यक्रमांपेक्षा तो जास्त तिरपा असेल तरच दखल घ्या.

कडा म्हणजे एका मिनिटात मोठी गळती. ती कुठे आहे ते पाहा. एपिसोडच्या शेवटच्या दोन मिनिटांत असेल तर लोक श्रेयनामावली लागताच उठतात, त्यात नवल नाही. मधेच असेल तर बिघाड, किळस, किंवा घरातली माणसं सोबत असताना पाहता न येणारा सीन. हा शेवटचा प्रकार पडताळता येतो: टीव्हीवर कडा असते, फोनवर नसते. अशा वेळी सीन नापसंत नसतो, बैठकीच्या खोलीत अवघड असतो. त्यावर कात्री हा उपाय नाही. आशयाची पूर्वसूचना नीट लिहिली की बरंचसं भागतं.

खळगा म्हणजे लोक पुढे ढकलून परत स्थिरावतात. गाणं, लांब प्रवास, आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगणारा संवाद अशा जागी तो दिसतो. एका भाषेत खळगा आणि दुसऱ्या भाषेत सपाट रेघ असेल तर ती खरोखर कामाची खूण आहे.

टेकडी सगळ्यात फसवी. लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात. बैठकीत लगेच टाळ्या पडतात, "बघा, किती आवडलं!" पण पुन्हा पाहण्याचं कारण न कळणं हेही असतं. फरक ओळखायची सोपी युक्ती: त्याच मिनिटाला सबटायटल चालू करणारे वाढलेत का ते पाहा. वाढले असतील तर संवाद समजला नव्हता. सगळ्या भाषांत टेकडी असेल आणि सबटायटलला कोणी हात लावला नसेल, तर खुशाल टाळ्या वाजवा.

आणि एपिसोडनिहाय पाहताना घाई नको. २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या डेटावरून एक गोष्ट मांडली होती: ज्या एपिसोडपर्यंत पोचलेल्या प्रेक्षकांपैकी ७० टक्के पहिला सीझन संपवतात, तो 'गुंतवणारा' एपिसोड. त्यांनी तपासलेल्या एकाही मालिकेत तो पहिला नव्हता. नेदरलँड्सचे प्रेक्षक इतरांपेक्षा साधारण एक एपिसोड आधी गुंतत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे एक-दोन एपिसोड उशिरा. सावकाश गुंतणाऱ्या प्रेक्षकांना पहिल्या दोन एपिसोडच्या आकड्यांवरून निकालात काढणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

## ६. आता माणसांसोबत बसा

पाच-सहा प्रेक्षक, त्यांच्याच भाषेची आवृत्ती, त्यांच्याच नेहमीच्या स्क्रीनवर. आलेखात काय दिसलं ते त्यांना आधी सांगू नका. पाहताना गप्प बसा. ते फोन कधी उचलतात, कधी शेजारच्याला काही विचारतात, कुठे हसायचं तिथे हसत नाहीत, एवढंच लिहा. नंतर एकच प्रश्न: "या माणसाने आत्ता असं का केलं असं तुम्हाला वाटतं?" आवडलं का, असं विचारलं की लोक सभ्यपणे हो म्हणतात. पात्राचा हेतू विचारला की कथा पोचली की नाही ते लगेच उघडं पडतं.

मुख्यालयात बसून या टप्प्याला फाटा देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

## ७. वरचा थर आधी बदला

कारण कळलं की सगळ्यात स्वस्त आणि मागे घेता येण्याजोगा बदल आधी करा. क्रम हा: पोस्टर आणि वर्णन, सबटायटल, डबिंग, संकलन, पटकथा.

पोस्टर आणि वर्णन. एकच कथा कोणाला सूडकथा म्हणून लागते, कोणाला बहीण-भावाची. दोन्ही खरं असेल तरच वेगळी पोस्टर करा. दोन मिनिटं दिसणाऱ्या स्थानिक कलाकाराला पोस्टरवर मोठा केला की सुरुवातीचे प्रेक्षक वाढतात आणि दहाव्या मिनिटाला चिडून जातात.

सबटायटल. जागा कमी असते. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीत एका ओळीत ४२ अक्षरं आणि जास्तीत जास्त दोन ओळी. त्यात विनोद, मानापमान आणि नातं बसवायचं असतं. शिवाय पुष्कळदा भाषांतर मूळ भाषेतून न होता मधल्या इंग्रजीवरून होतं आणि जे इंग्रजीत गळलं ते पुढच्या प्रत्येक भाषेत गळतं. पैसे असतील तर ते इथे खर्च करा, मूळ भाषा जाणणारा तपासनीस ठेवा.

जास्तीचं स्थानिकीकरणही अंगलट येतं. 'रोमा' या मेक्सिकन चित्रपटातले संवाद बहुतेक स्पॅनिशच, तरी स्पेनमध्ये त्याला स्पेनच्या स्पॅनिशमधली सबटायटल लावली होती. आईला हाक मारायच्या 'मामा'चं 'माद्रे' केलं होतं. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी जानेवारी २०१९ मध्ये जाहीर आक्षेप घेतला आणि नेटफ्लिक्सला ती बदलावी लागली. प्रेक्षकाला जे आपसूक समजतं ते समजावून सांगणं त्याला अपमान वाटतो.

डबिंग. इथे खरी मेहनत आहे. इंग्रजीतलं 'यू' मराठीत आलं की लगेच निर्णय करावा लागतो: तू, तुम्ही की आपण? समजा मूळ मालिकेत नायिका आणि तिचा वकील पहिल्यापासून एकमेकांना 'यू'च म्हणतात. डबिंगमध्ये तिसऱ्या एपिसोडपर्यंत दोघांचं 'तुम्ही' चाललं आणि भांडणाच्या सीनमध्ये तिच्या तोंडून 'तू' निघालं, तर मूळ लेखकाने न लिहिलेली ठिणगी तिथे पडते. कधी ती हवी असते, कधी सगळा सीझन बिघडवते. तसंच 'आंट'. ती मावशी, आत्या, काकू की मामी? मूळ पटकथेत सातव्या एपिसोडला कळणार असेल की ती वडिलांची बहीण आहे, तर पहिल्याच एपिसोडला 'आत्या' म्हटल्यावर रहस्य फुटलं! अशा जागी लेखकाला पत्र लिहून विचारा, अंदाज करू नका.

म्हणून दोन याद्या: महत्त्वाची नावं आणि ठरावीक शब्दप्रयोगांची एक, कोण कोणाला कोणत्या एपिसोडपासून तू किंवा तुम्ही म्हणतं याची दुसरी. दुसऱ्या सीझनला भाषांतरकार बदलतो तेव्हा याच याद्या वाचवतात.

संकलन. मूळ निर्मात्यांच्या संमतीशिवाय हात लावू नका. पण लांबीची सवय हा खरा फरक असू शकतो. स्पेनच्या अँटेना ३ वाहिनीवर २०१७ मध्ये दाखवलेली 'ला कासा दे पापेल' ही दरोड्याची मालिका (इंग्रजीत 'मनी हाइस्ट') १५ मोठ्या एपिसोडची होती. नेटफ्लिक्सने तिचे २२ लहान एपिसोड केले. दरोडा तोच राहिला, थांबण्याच्या जागा बदलल्या.

पटकथा. झालेल्या सीझनला हा थर बंद. तो पुढच्या कामासाठी, नवव्या टप्प्यात.

> सावधान: दोन थर एकाच आठवड्यात बदलू नका. रेघ वर गेली तर श्रेय कोणाचं यावरच भांडण होईल.

## ८. चाचणी

प्रेक्षकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडा, एकाला जुनी आवृत्ती, दुसऱ्याला नवी. यशाचं माप आणि चाचणी थांबवायची तारीख आधीच लिहून ठेवा, नाहीतर आकडा आवडीचा झाला की थांबण्याचा मोह होतो. कामाचे दिवस आणि सुटी यांत पाहणं वेगळं असतं, म्हणून चाचणी पूर्ण आठवड्यांची ठेवा. पोस्टरची चाचणी क्लिकवर मोजू नका, किती जण टिकले त्यावर मोजा.

लहान भाषेत प्रेक्षक थोडे असतात आणि आकडे वर-खाली उड्या मारतात. तिथे चाचणीचा हट्ट सोडा, सहाव्या टप्प्यावर जास्त वेळ द्या.

## ९. लेखकांच्या हातात काय द्यायचं

चाळीस पानांची सादरीकरणं देऊ नका, आणि घटकांची यादी तर मुळीच नको. "त्या भागात चाललेल्या मालिकांत मोठं कुटुंब, पाऊस आणि जुनं घर होतं" असं लिहिलं की पुढच्या पटकथेत तिन्ही चिकटवलेली दिसतात. ज्या मालिका मोठं कुटुंब आणि पाऊस असूनही आपटल्या त्या यादीत नसतात, हे कोणी विचारत नाही.

एक पान पुरतं. वर पहिल्या टप्प्यातला प्रश्न. मग काय सापडलं आणि त्याची किती खात्री. मग प्रेक्षकांच्या तोंडची दोन-तीन वाक्यं, जशीच्या तशी. उदाहरणार्थ, "वडिलांपुढे तो असा बोलला, तरी घरात कोणीच काही म्हणालं नाही?" या एका वाक्यातून लेखकाला नवा सीन सुचतो. "अधिकाराविषयीच्या स्थानिक धारणा तीव्र आहेत" यातून काहीच सुचत नाही. शेवटी, ज्याला हात लावायचा नाही ते. ते लेखकाने लिहावं, विश्लेषकाने नव्हे.

नवा सीझन आला की दुसऱ्या टप्प्यातली तीच मापं, तेच गट आणि तेवढेच आठवडे घेऊन पुन्हा मोजा. केलेला प्रत्येक बदल आवृत्त्यांच्या तक्त्यात तारखेसह चढवा. मागे घेतलेलाही.